महूवरची खूण

आत्या सकाळी गेली आणि मी विळा शोधत होतो.

घर माणसांनी भरलेलं. बाबा दोनदा ओरडले, अरे बस ना एका जागी. नाही बसवत, काय करू!

भुरीआत्या म्हणजे बाबांची आत्या. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात आमचं गाव, तिथे ती सगळ्यांचीच आत्या.

ती लहान असताना कुठेतरी मोठी लढाई चालली होती आणि मोटारी म्हणे लाकडी कोळशावर पळायच्या. त्या कोळशापायी आमचा डोंगर बोडका झाला.

आधी जंगलचा गार्ड यायचा, हातोड्याने खोडावर शिक्का मारायचा. शिक्क्याच्या झाडाला आपल्यातल्या कोणी हात लावला की मार ठरलेला.

आत्याने सरळ अर्थ लावला. शिक्का असला की झाड सेफ.

आत्याच्या बापाच्या उतारावरच्या शेतात एक महू होता, मोहाचं झाड. आमच्यात शेत साफ करताना बाकी झाडं तोडतील, महू राखतात. घरातली ज्वारी संपली की त्याच्या फुलांवर दिवस निघतात, आणि मुळं माती धरून ठेवतात.

तर शेळ्या वळणाऱ्या या पोरीने दगडाने ठोकून ठोकून महूवर तस्साच शिक्का काढला. खुशीत घरी आली.

शिक्का तोडायच्या झाडावर मारतात, हे तिला कोण सांगणार?

कोळशाच्या ठेकेदाराच्या माणसांनी महू पाडला. तिचा बाप आडवा गेला, तर म्हणाले, सरकारी खूण आहे.

पुढच्या पावसात शेताची माती नाल्यात गेली.

"मीच मारलं त्याला," नव्वदीतही म्हणायची. सांगता सांगता उठून चालायलाच लागायची.

मी म्हणायचो, आत्या, लहान होतीस गं.

"झाडाला काय माहीत?"

मोठी झाल्यावर तिने त्याच उतारावर दगडांचे बांध घातले, महूचं बी लावलं. तो महू आज दोघांच्या कवेत मावत नाही.

परवा रस्त्याच्या सर्व्हेवाल्यांनी त्याच्यावर लाल पेंटने नंबर टाकला. आत्या अंथरुणाला खिळलेली, पण कोणीतरी तिच्यासमोर बोलून गेलं.

"खूण काढ," मला म्हणाली.

म्हटलं, आत्या, नंबर कॉम्प्युटरमध्ये गेला, खरवडून काय होणार?

ती उठायला बघत होती.

विळा सापडला. महूपाशीच बसून लिहितोय, रेंज इथेच येते. पेंट निघालाय, साल जास्त दुखावली नाही. ते पुन्हा टाकतील. मी पुन्हा काढेन.

आत्या, तुझ्या महूवर आता काही नाही.

आता तरी बस एका जागी.