आधी नळ, मग उंबरठा

गडचांदूर सोडलं की सिमेंटची धूळ मागे पडते आणि जिवतीचा घाट लागतो. मार्च महिना होता. सागाची पानं गळलेली, मोहाखालची जमीन फुलं वेचायला झाडून ठेवलेली. मी डोंगरातला जुना किल्ला पाहायला निघालो होतो. जीपमध्ये माझ्याशेजारी सोना नावाची तरुण बाई होती, मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. समोर तिचा नवरा जंगू, पायाशी गाठोडी.

घाटात टायर पंक्चर झाला. सगळे उतरून सावलीत बसलो, तेव्हा बोलणं निघालं.

"माहेराहून चाललात का?" मी विचारलं.

"हो," सोना म्हणाली. "पोरगी लय बिमार झाली तवा गेली होती. आता वापस येऊन राह्यली."

त्यांच्या गुड्यात (डोंगरातली लहान वस्ती) उन्हाळ्यात झिऱ्याचं पाणी प्यायचे. झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. त्यातून वाटीवाटीने गुंड (पाण्याचा हंडा) भरायचा आणि त्यातच जनावरंही तोंड घालायची. त्या पाण्याने मुलीला हगवण लागली, डोळे खोल गेले. चंद्रपूरच्या दवाखान्यात ती कशीबशी वाचली. सोना तिथूनच माहेरी गेली. नळ येऊन त्याचं पाणी एक उन्हाळा टिकल्याशिवाय येणार नाही, असं तिने सांगून टाकलं.

"राग नाही आला?" मी जंगूला विचारलं.

"काऊन येईन? मले पोरगी जित्ती पायजे होती."

जीप फाट्यावर थांबली तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, भाकर खाऊन जा. किल्ला कुठी पळून नाई जात." मी उतरलो.

उंचावर सौरपंपाची टाकी, प्रत्येक अंगणात एक नळ. दारात जंगूची आई लच्चूबाई सुनेच्या पायांवर घालायला पाण्याचा लोटा घेऊन उभी होती. सोनाने मुलगी जंगूकडे दिली आणि दाराकडे न जाता सरळ नळाशी गेली. ओंजळ भरली, वास घेतला. शेजारणी बघत उभ्या. सासूचा अपमान झाला असं वाटून मीच अवघडलो.

"दवाचा वास येते," सोना म्हणाली.

"जंगूच टाकते टाकीत दवा. चुकत नाई," लच्चूबाई म्हणाली.

सोनाने नवऱ्याकडे पाहिलं. टाकीत क्लोरीन तो स्वतः टाकतो, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. तो मुलीचा फ्रॉक नीट करत राहिला.

"उन्हाळाभर राह्यते काय पाणी?"

"मागच्या उन्हाळ्यात राह्यलं. तू पाह्य, पिऊन पाह्य."

सोना प्यायली. मग सासूकडे वळून हळू म्हणाली, "आई, तुमी रागावल्या असान."

"माही दोन लेकरं गेली त्या झिऱ्यापायी," लच्चूबाई म्हणाली. "मले तवा जाता नाई आलं. तू गेली, बरं केलं."

तिने लोटा सुनेच्या पायांवर रिता केला. सोनाने डोळे पुसले, मुलीला घेतलं आणि आत गेली.

ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन मी अंगणात टेकलो. नात आजीच्या मांडीवर झोपली होती.

"या टायमाले आमी झिऱ्यावर बसून राहो," लच्चूबाई म्हणाली. "पाणी पाझरेपर्यंत."

किल्ला दुसऱ्या दिवशी पाहिला, चांगलाच आहे. पण परतीच्या बसमध्ये ते अंगणच डोळ्यांपुढे येत होतं. गुड्याचा रस्ता अजून कच्चा आहे आणि दवाखाना तितकाच लांब. तरी त्या दुपारी लच्चूबाईला नातीला खाली ठेवून पाण्यासाठी कुठेही जावं लागलं नाही.