स्वतःचं गाऱ्हाणं

फोन वहिनीचा होता. सकाळी ओरोसच्या माझ्या खोलीत मी चहाचं आधण ठेवत होते. "नंदा, तुझो दादा गेलो गो," एवढंच ती म्हणाली. बातमी अनपेक्षित नव्हती. तरी गावच्या बसमध्ये बसेपर्यंत मला ते खरं वाटेना. बाळादादा आणि गप्प, हे दोन शब्द आमच्या गावात कधी कुणी एकत्र उच्चारले नव्हते.

माझा हा थोरला भाऊ गावाचं गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे देवळात सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणं. बोलणारा एक, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणणारा सगळा गाव. दादाचा आवाज असा, की देवळात उभा राहिला तर किनाऱ्यावर जाळी सुकवणारेही हात जोडायचे. पण नुसत्या आवाजावर हे काम होत नाही. आदल्या संध्याकाळी तो घरोघर फिरून कुणाचं काय अडलंय ते विचारून यायचा. कुणाच्या होडीचं इंजिन सारखं बंद पडतंय, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, कुणाचा मुलगा मुंबईहून फोन करत नाही... यातलं काहीही कागदावर न उतरवता तो देवापुढे नावागावासकट मांडायचा. दुसऱ्याचं दुखणं सांगताना त्याला कधी संकोच वाटला नाही. लोक तर म्हणायचे, बाळाच्या तोंडून सांगितलं की देवालासुद्धा ऐकल्याशिवाय गत्यंतर नसतं.

आणि या माणसाने स्वतःच्या शौचातून रक्त पडतंय हे घरात कुणाला कळू दिलं नाही! त्याने परस्पर ठरवून टाकलं, की ही मूळव्याध आहे. बांद्याच्या बाजारातून कसली तरी पुडी आणली, बांगडा सोडला, ताकातलं सुरण खाऊ लागला. वहिनीला संशय आला तो वेगळ्याच गोष्टीवरून. उभ्या जन्मात ज्याने स्वतःचा पंचा पिळला नव्हता, तो पहाटे उठून विहिरीवर आपले कपडे आपण धुऊ लागला. तिने आधी कौतुक केलं, मग तिला भीती वाटली, मग तिने मला फोन केला. मी जाऊन त्याला फैलावर घेतलं. सरकारी दवाखान्यात चौकशी केली, तर दुर्बिणीच्या तपासणीला थांबावं लागेल असं कळलं, आणि दादाला थांबायला निमित्तच हवं होतं. मी म्हटलं, आपण कोल्हापूरला खासगीत जाऊ. त्यावर त्याचं म्हणणं, खासगीत गेलं की नसलेला रोगही सापडतो. मी म्हटलं, मग न सापडलेला रोग घेऊन तू किती बरा झालास ते सांग. तो माझ्यावर रुसला, पण आला.

दवाखाना मोठा होता, चकचकीत फरशीचा. दादा चपला काढून आत निघाला, मी त्याला परत घालायला लावल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी विचारलं, काय होतंय? दादा शुद्ध मराठीत म्हणाला, विशेष काही नाही, पोट जरा साफ होत नाही. रक्त वगैरे जातं का? दादा म्हणाला, नाही. बस बदलत एवढ्या लांब हे सांगायला आलो होतो का आम्ही? मी तोंड उघडलं तर त्याने माझा हात दाबून धरला. तेव्हा माझा संताप अनावर झाला आणि खालच्या आवाजात मी म्हटलं, "दादा, साऱ्या गावाचां गाऱ्हाणां घालतंस. आज तुझां घाल."

त्याने माझा हात सोडला. मग खुर्चीवरून उठला, हात जोडले, डोळे मिटले.

"बा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू आज तुझ्या दारात उभां आसा. गेल्या काजूच्या हंगामापासून त्येका रक्त पडता. बायलेपासून लपवल्यान, भैणीपासून लपवल्यान. मरणाक भियालां नाय, पण सांगूक लाजलां. काय आसात तां आता उजेडात येऊ दे."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. सवयच ती. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, त्याला बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी दुर्बीण घालायची ठरवली. आतड्यातल्या गाठीचा तुकडा तपासून आला, पोटाचा स्कॅन झाला, तेव्हा कर्करोग यकृतापर्यंत पोचल्याचं कळलं. आधी आला असता तर, एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं दादाने विचारलं नाही. त्याला ते कळलं होतं.

ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची पिशवी आली, औषधांनी केस गेले. तरी त्या वर्षीच्या जत्रेला खुर्चीत बसून त्यानेच गाऱ्हाणं घातलं. आवाज निम्मा उरला होता, म्हणून माणसं जवळ सरकली. होड्यांचं सांगून झालं, सुनांचं झालं आणि शेवटी तो म्हणाला, "ह्या लेकरान आपलां दुखणां लपवल्यान. तशी चूक आणखी कोणाच्या हातसून होवक देऊ नको. कोणाक रक्त पडत आसात, तर त्येची लाज तू घे आणि त्येच्या तोंडात शब्द दी." "व्हय म्हाराजा" आलं, पण उशिरा आणि विस्कळीत. देवासमोर संडासातल्या गोष्टी काढल्या म्हणून काही जण नाराज झाले. दादा घरी येऊन म्हणाला, देवाक काय पोट नाय? त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावरही मी वहिनीजवळ राहिले. मला दादाचा राग येतो, आजही येतो. एक वाक्य वेळेवर बोलला असता तर कदाचित तो आज मी लिहिलेलं हे वाचून माझ्या चुका काढत बसला असता. परवा दुपारी पडवीत त्याच्या बाकावर बसले होते, तेव्हा वरच्या वाडीतली सावित्रीकाकी आली. एकटीच राहते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. पायरीवर बसून तिने यंदाच्या आंब्याची चौकशी केली, वहिनी जेवते का ते विचारलं, जायला उठली आणि पुन्हा बसली. मग पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "बाय, बाळान देवाक सांगल्यान तेवा मी थंयच होतंय... माका पण पडता गो."

मी सरकले, तिला वर दादाच्या बाकावर बसवलं, आणि कधीपासून ते विचारलं.