हिराकाकूंची कामं

दारात हिराकाकू दिसल्या की आधी माझ्या कपाळाला आठी पडायची आणि मगच तोंडातून 'या' निघायचं. ही बाई रिकाम्या हाताने कधी आली नाही. हातात काहीतरी असायचंच, पण ते आम्हाला द्यायला नव्हे, आमच्याकडून करून घ्यायला. कधी उसवलेलं पोलकं, कधी न उघडणारी बरणी, कधी मोबाईल, ज्याचा आवाज त्यांनी स्वतःच बंद केलेला असायचा. "सूनबाय, माजं एवढं काम कर, मग तुजं काय ते बघू," हे ठरलेलं वाक्य. माझं काय ते त्यांनी कधी बघितलं नाही.

चौलात आमच्या वाडीला लागूनच त्यांची नारळी-सुपारीची वाडी. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा प्रकाश कामोठ्याला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांची सूनबाय, आणि माझा नवरा दिनेश त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला म्हणून दिनू. मधल्या कुंपणातून त्यांनी येऊन-जाऊन एक वाट पाडली होती. मी दोनदा तिथे काट्या रोवल्या. दोन्ही वेळा त्यांनी त्या उपटून चुलीत घातल्या आणि वर मला सांगितलं, काट्या ओल्या होत्या, फार धूर झाला.

मग दिनेशला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हा माणूस अलिबागच्या कोर्टात कारकून, घरीदारी सतत बोलणारा. मुंबईच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्याने जे तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. डॉक्टर म्हणाले, हालचाल हवी, मन लागायला हवं. मन कुठून आणायचं ते कुणी सांगेना. मी शिकवते त्या शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी त्याला भरवत होते, पुसत होते आणि मोरीत नळ सोडून रडत होते. माणसं शहाळी घेऊन यायची, "काही लागलं तर हाक मारा" म्हणायची आणि जायची. त्यांचंही खरंच होतं, पण मला काय लागतंय हेच मला कळत नव्हतं.

हिराकाकूंनी असलं काही विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात सुकटीच्या चटणीची एक बाटली ठेवली आणि दुसऱ्या हाताने सुई पुढे केली. "दोरा ओवून दे गो. माज्या डोल्यांना भोक दिसत न्हाय."

मी म्हटलं, "काकू, मला श्वास घ्यायला सवड नाही हो."

"घे ना श्वास. दोरा ओवताना श्वास घ्यायला कोन नको म्हनतंय?"

रोज एक काम. एकदा त्यांचं मांजर आमच्याकडे ठेवून त्या रेवसला भाचीकडे गेल्या. आजाऱ्याच्या घरात मांजर! ते दिनेशच्या पायाशी झोपायचं आणि मी मांजराच्या आणि काकूंच्या नावाने चरफडायचे. चार माणसांची अक्कल एका बाईला दिली असती तरी हे कमी झालं नसतं, कारण त्यांना न कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना सगळं कळत होतं आणि तरीही त्या यायच्या.

एका दुपारी त्या मोड आलेले कडवे वाल घेऊन आल्या. भिजवलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे, त्याचं बिरडं. चिकाटीचं काम, म्हणून कुणाच्याही गळ्यात मारण्याजोगं. मला वाटलं, माझ्या गळ्यात मारणार. त्यांनी परात थेट दिनेशच्या अंथरुणावर ठेवली.

"दिनू, उजवा चालत न्हाय, पन डावा तर रिकामाच हाय ना? सोल."

दिनेशने मान वळवली. कित्येक दिवसांनी त्याने कुणाकडे तरी बघितलं. आणि डाव्या हाताने परात उडवली. पाणी माझ्या अंगावर, वाल खोलीभर. मग माझाही बांध फुटला. तुम्हाला माणुसकी आहे का, इथे माणूस जगतोय की मरतोय आणि तुम्हाला बिरडं सुचतंय, उद्यापासून या घरात पाऊल टाकू नका, असं बरंच काही मी बोलले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं, न्हाय येत. पन वाल येचून दे. बिरडं माज्यासाठी न्हाय. मल्यातल्या सुलूचा नवरा मागल्या महिन्यापासून अलिबागला इस्पितलात हाय. तिला चूल पेटवायचा धीर होत न्हाय."

"मग तिला तुमची ती चटणी द्यायची होती."

"ती तिनंच कुटलीय. सुकट मी भाजून दिली, कुटायला चूल लागत न्हाय. तुमच्या घरासाठी कूट म्हनलं, तर बसली कुटत."

मी खाली बसून वाल वेचायला लागले. खाटेखाली गेलेले काढून वर बघते तर दिनेशने अंथरुणावर पडलेला एक वाल चिमटीत धरला होता. दाबला. दाणा सालातून सुटून उशीवर पडला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत तो सोलत होता, निम्मे चिरडत होता, आणि मी त्याला हात लावायचं धाडस केलं नाही. मला त्या बाईचा राग आलेलाच होता, फक्त त्या रागाला आता बसायला जागा नव्हती.

काकू अर्थातच दुसऱ्या दिवशी आल्या. नंतर सुलूच्या घरी बिरडं, कुणा बाळंतिणीला डिंकाचे लाडू, कुणासाठी आणखी काही, आणि प्रत्येक वेळी निम्मं काम आमच्या खाटेवर. दिवाळीच्या सुमारास दिनेशने एकदा परात बाजूला सारली आणि म्हणाला, "पुरे." झटक्यानंतरचा पहिला स्पष्ट शब्द. मी दाराला धरून रडायला लागले.

"पुरे काय पुरे?" काकू म्हणाल्या. "अजून अर्धे राह्यलेत."

गेल्या माघात त्या झोपेतच गेल्या. कुणालाही काही काम न सांगता, हे मला फार लागलं. दिनेश आता काठी घेऊन चालतो, तुटक का होईना बोलतो. कुंपणातल्या वाटेने आम्ही गेलो. अंगण भरलेलं. कामोठ्याहून आलेला प्रकाश ओटीवर खांबाला टेकून कोरडा बसला होता. माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होती, काही लागलं तर सांग. तो नुसती मान हलवत होता.

निघताना दिनेश त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "प्रकाश," तो म्हणाला, "चप्पल. पट्टा. लावून दे."

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई गेलेल्या माणसाला हे सांगायचं? पण प्रकाश उठला, पायरीवर उकिडवा बसला, दिनेशचं अधू पाऊल त्याने हातात घेतलं, चपलेत सरकवलं आणि पट्टा लावता लावता त्याच पावलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला.

त्या चपलेचा पट्टा दिनेश गेले कित्येक महिने स्वतःच लावतो. त्या सकाळीही त्याने तो स्वतःच लावला होता.