निलेशचं लग्न आणि वाणी सरांचे गोल

ऑफिसात सॉफ्टवेअर वेळेवर तयार होईलच असं नाही, किस्से मात्र रोज तयार होतात. आमच्या जळगावच्या ऑफिसात तर ते केळीसारखे लागतात. एक तोडायला जावं तर अख्खी फणी हातात येते!

आम्ही केळी पिकवायच्या चेंबरांसाठी सॉफ्टवेअर करतो. माणसं चारच. धुळ्याच्या कॉलेजातून रिटायर होऊन आलेले वाणी सर, जळगावचीच शबाना, भडगावचा निलेश आणि मी, मनीषा.

सरांचं एकच व्रत. कोड लिहिण्याआधी पेट्री नेट काढायचं! गोल म्हणजे परिस्थिती, दांडी म्हणजे घटना, गोलातला ठिपका म्हणजे टोकन. दांडीकडे येणाऱ्या सगळ्या गोलांत ठिपका असला तरच ती घटना घडते आणि ठिपका पुढे सरकतो. एक जरी गोल रिकामा राहिला, तर सगळं जागच्या जागी. झालं, एवढंच शास्त्र. पण सर त्यावर तासन्‌तास बोलतात.

त्या हिवाळ्यात निलेशचं लग्नही असंच जागच्या जागी होतं. एरंडोलच्या, कॉम्प्युटर शिकलेल्या स्नेहलला तो बघून आला, दोघांनाही पसंती होती. पण निलेशच्या घरचे म्हणत, "मुलीवाल्यांनी आधी विचारायला पाहिजे." मुलीवाले म्हणत, "बघून ते गेले, त्यांनीच आधी कळवावं." दोन्हीकडे मान! आणि निलेश असा लाजाळू, की तिचा नंबरसुद्धा न घेता आलेला. पोरगा रोज फोनकडे बघत सुकत चालला होता. आम्हाला त्याची खरंच काळजी वाटायची, म्हणजे त्याची चेष्टा करून झाल्यावर.

*

एकदा चोपड्याचे नाना आले. नाना म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांना समजावं म्हणून सरांनी टेबलावर खडूने गोल काढले आणि टोकन म्हणून खारे शेंगदाणे मांडले. "नाना, हा एक दाणा म्हणजे तुमचा एक ट्रक. आता बघा, ट्रक गेटवर आला..."

सर फळ्याकडे वळून बोलत राहिले. परत बघतात तो गेट रिकामं!

"अरे, ट्रक कुठे गेले? पेट्री नेटमधून टोकन असं गायब होत नाही!"

शबानाने हळूच नानांकडे बोट दाखवलं. नानांचं तोंड चालू होतं.

"सर," रिकाम्या गोलांत आणखी दाणे शोधत नाना म्हणाले, "ट्रक मोठा खमंग शे! बठ्ठा सरनात का?"

*

भरीत पार्टीचं तर विचारूच नका. थंडी पडली की आमच्याकडे भरीत पार्टी होतेच, पण सरांनी तिचंही नेट काढलं. त्यांच्या मळ्यात जमायचं, आणि प्रत्येकाने आपली दांडी सांभाळायची.

वांगी मी आणायची, पण जाळ पेटल्याचा फोन आल्यावरच, म्हणजे ताजी मिळतील. जाळ शबानाने पेटवायचा, पण निलेश कपाशीच्या काटक्या घेऊन आल्यावर. आणि निलेशने काटक्या घेऊन निघायचं ते वांगी निघाल्याचा माझा फोन आल्यावर!

मी बाजारात उभी, शबाना मळ्यात चुलीपाशी, निलेश काटक्यांच्या भाऱ्यावर बसलेला. तिघंही शिस्तीत फोनची वाट बघतोय. दुपार कलली. शेवटी मी वैतागून सरांच्या घरी फोन केला, तर सरांना आनंदाचं भरतं आलं!

"मनीषा, हाच डेडलॉक! वर्गात मी इतकी वर्षं शिकवला, पण इतका सुंदर कधी पाहिला नव्हता!"

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. "मी कळण्याच्या भाकरी टाकल्या आहेत. त्या पोरांना म्हणावं, डेडलॉक पोटभर खाल्ला असेल तर जेवायला या!"

*

मग भडगावची ट्रायल. तिथे आम्ही प्रत्येक चेंबरला एजंट केलं होतं. सरांच्या भाषेत, ऑब्जेक्ट सांगितलं तेवढं करतो, एजंट आपलं आपण ठरवतो. ट्रक आला की कोणी घ्यायचा ते चेंबरांनीच आपसांत बोलून ठरवायचं. भांडण नको म्हणून सरांनी त्यांना जरा नम्र बनवलं होतं.

नम्रता त्यांच्यात फारच उतरली. एक नंबर म्हणे, दोन नंबरला द्या. दोन नंबर म्हणे, छे छे, एकला द्या. समोरच्या पाटीवर नंबर बदलत होते आणि ड्रायव्हर गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करत होता. शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"सर, लगनमा व्याही-व्याही कशा 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करतस, तश्या तुमन्या खोल्या शेतस. आनि तठे वरण थंड व्हई जास!"

आम्ही सगळे हसलो. निलेश तेवढा हसला नाही. मला एकदम वाईट वाटलं त्याचं.

*

निलेशचे वडील, आबा, एकदा ऑफिसात आले. भिंतभर गोल, दांड्या, ठिपके. त्यांनी बघितलं मात्र, दाराबाहेर जाऊन चपला काढून आले आणि सरांपुढे हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, कुंडल्या आहेत!

"महाराज, ह्या पोऱ्यानं लगन कव्हय व्हई, पाहा बरं."

सर आपल्याच तंद्रीत होते. केळी पिकवायच्या गॅसच्या आकृतीवरून नजर न काढता म्हणाले, "तीन नंबरच्या घरात गॅस अडकलाय. तो निघाल्याशिवाय काही होत नाही."

आबा गंभीर झाले. जाताना मला हळूच विचारून गेले, "ताई, गॅसनी शांत कोठे करतस?"

*

त्यानंतर सरांना राहवेना. निलेश चोपड्याला गेलेला बघून त्यांनी त्याच्या लग्नाचंच नेट फळ्यावर काढलं. वर दोन्ही घरं, मध्ये फोनची दांडी, खाली दोन छोटे गोल, त्यांत नावं: निलेश, स्नेहल. काही केल्या दांडी हलेना.

त्याच दिवशी टेस्टिंगच्या जागेसाठी एक मुलगी इंटरव्ह्यूला येणार होती. दार वाजलं. "निलेश पाटील इथेच असतात ना? मला जरा..."

"ते बाहेर गेलेत. या, मार्कर घ्या," सर म्हणाले. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देतील तर ते वाणी सर कसले! "ही सिस्टिम अडकलीय. का ते सांगा."

ती फळ्याकडे बघत राहिली. मार्कर तसाच हातात. मला वाटलं, गेली ही नोकरी.

"दोन्ही घरं एकमेकांच्या फोनची वाट बघताहेत," ती म्हणाली.

"शाब्बास! उपाय?"

"सर, या खालच्या दोन गोलांत बाण नुसते आत येताहेत. बाहेर एकही जात नाही. यांना तुम्ही ऑब्जेक्ट धरलंय का?"

सर गडबडले. "म्हणजे... घरचे सांगतील तसं..."

"एजंट धरून बघा ना."

तिने दोन्ही गोलांतून फोनच्या दांडीकडे बाण काढले. मग स्नेहलच्या गोलात एक ठसठशीत ठिपका दिला.

सर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. "सिलेक्टेड! पण दुसरा गोल रिकामा ठेवलात की?"

"तो मी कसा भरणार, सर? तो ज्याचा त्याने भरायचा."

"व्वा! नाव काय तुमचं?"

तिने मार्करला टोपण लावलं. "ते तुम्ही लिहिलंय, सर. ठिपका दिला ना, त्याच गोलात. पप्पांशी बोलूनच निघालेय मी."

आणि गेली! शबाना आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. सरांना कळायला आणखी थोडा वेळ लागला.

संध्याकाळी निलेश आला. आम्ही नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं. तो फळ्यासमोर उभा राहिला. कान लाल झाले. मार्कर उचलला, परत ठेवला. मग खिशातून फोन काढला.

"आबा, मी सकायले एरंडोलले जाई ऱ्हायनू, मन्हं लगन ठरावाले. तुम्ही बी येतस का?"