पाहुणीच्या ताटात विष सापडत नाही

साबिराला प्लास्टिकने मारलं नाही.

काल दुपारी, रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या तिच्या घरी, हृदय बंद पडलं. एवढंच.

हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी तिच्या मरणाचंही भाषण केलं असतं आणि तिने विचारलं असतं, "पुरावा कुठाय, वक्ते?"

रोह्याच्या शाळेपासून तिच्यासाठी मी 'वक्ते'. नावाने तिने कधी हाक मारली नाही.

साबिरा विषशास्त्रज्ञ होती. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात रसायनं घालतात. ती अन्नात उतरतात, तेलकट अन्नात तर फार लवकर. माणसाच्या पोटात रोज किती गेलं तर चालेल, हे ठरवणाऱ्या समितीत ती होती.

मी सभेत गरजायचो, "शून्य! एक कणही नको!" टाळ्या पडायच्या.

"शून्य म्हणायला तुझं काय जातंय?" ती म्हणायची. "शून्य ही घोषणा झाली. आकडा लिहिला की कंपनीला मोजावं लागतं."

आकडा ठरवायची रीत तिनेच समजावली होती. ज्या सगळ्यात मोठ्या डोसने जनावरांना काही झालं नाही, तो घ्यायचा. त्याला शंभराने भागायचं. माणसाने जन्मभर रोज तेवढं खाल्लं तरी चालेल, असं मानायचं.

पण लोक खरोखर किती खातात? ते कळल्याशिवाय कुठल्या प्लास्टिकने अन्नात किती सोडायचं, ही मर्यादा ठरत नाही.

म्हणून तिच्या लॅबची माणसं पेण-रोह्यात घरोघर गेली. "तुम्ही जे जेवाल त्याचं अजून एक ताट वाढा, आम्ही तपासायला नेतो."

रिपोर्ट आला. स्वच्छ! आमची माणसं रोज चालणाऱ्या डोसच्या कितीतरी खाली.

"मग प्लास्टिकवर एवढी कडक मर्यादा घालायचीच कशाला?" समितीतले एक साहेब म्हणाले.

साबिराला पटेना. ती निडी गावी, ताट दिलेल्यांपैकी सुमनकाकींकडे गेली. सोबत मी.

अंगणात मऊ, पारदर्शक प्लास्टिकवर पोह्याचे पापड उन्हात तापत होते. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला तेच प्लास्टिक, दोरीने बांधलेलं. तेलाच्या डब्यात, तेल ओढायला, तसल्याच मऊ प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा.

"काकी, आमच्या माणसांना काय दिलंत?"

"कोंबडा कापला व्हता. स्टीलच्या डब्यात भरून दिला."

"आणि तुम्ही काय जेवलात?"

"आमी? भात नि लोणचं."

"अहो, तेच द्यायचं होतं!"

काकी भडकल्या. "येडी झालीस गो? लांबून आलेल्या माणसांना लोणचं-भात बांधून देऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

घरोघर हेच झालं होतं. अष्टमीत तर बिर्याणी!

मला हसू फुटलं. साबिरा हसली नाही.

"याच्यावर ते मर्यादा सैल ठेवतील रे. आणि इथली पोरं रोज लोणचं-भातच खाणार."

मग ती रजा काढून निडीला येऊ लागली. पापड लाटले, भांडी घासली. सुरुवातीला काकी खुर्ची द्यायच्या. मग पाट देऊ लागल्या. आणि एक दिवस म्हणाल्या, "मला काम हाय गो. भात टोपात हाय, घे वाढून."

त्या दिवशी, काकींना सांगून, तिने ते ताट लॅबला नेलं. मग इतर घरांतून तसंच.

आकडे रोज चालणाऱ्या डोसच्या वर निघाले.

काकींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "एवढं वंगाळ हाय, तर बाजारात इकतात कशाला?"

हाच प्रश्न घेऊन साबिरा मीटिंगला गेली. समिती म्हणाली, दोन निकाल जुळत नाहीत. अजून अभ्यास करू. तोवर जैसे थे.

तोवर!

मी तिथे असतो तर ओरडलो असतो: साहेब, तुमच्या मीटिंगचा चहा काचेच्या कपातून येतो. जैसे थे कुणाच्या पोटात?

साबिरा ओरडली नाही. ती म्हणाली, "पहिलं ताट म्हणजे त्या लोकांनी आम्हाला दिलेला मान होता. तुम्ही तो त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरताय."

माझ्या सगळ्या भाषणांत मिळून एवढं खरं वाक्य नाही.

पुढच्या मीटिंगला तिची खुर्ची रिकामी असेल. तो स्वच्छ रिपोर्ट मात्र टेबलावर असेल.

आज सकाळी दफन झालं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. ओळखीपाळखीचे जेवण आणतात. निडीहून सुमनकाकी आल्या. साबिराच्या आईपुढे टोप ठेवला, बाजूला बरणी.

"पावण्यांचं नाय आणलं गो. आमचं रोजचं हाय. तिला आवडायचं."

भात. आणि लोणचं. बरणीच्या तोंडाला तेच मऊ प्लास्टिक, दोरीने बांधलेलं. बाजारात अजूनही तेच मिळतं.

साबिराच्या आईने दोरी सोडली.

आम्ही सगळे जेवलो.

खुदा हाफिज, साबिरा. आकडा अजून ठरलेला नाही.