फळ्यावर राहिलेलं गणित

माझी आत्या पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि आपल्या पुढच्या खोलीतल्या लांब टेबलावर कापड पसरून कापायची. बोलायला सव्वाशेर, हात त्याहून चलाख. "पावणेदोन मीटर… साडेतीनला बोटभर कमी…" असं पुटपुटत तिची कात्री सरसर चाले. खुणा करायला मात्र ती खडू वापरत नसे. अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली वडी वापरी, आणि कापड पांढरं असलं तर टाचण्या. खडूचा आवाज तिला सहन होत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

कधीकधी कापता कापता ती मध्येच थांबे, मान भिंतीकडे वळवून ऐकत राही. लहानपणी मी एकदा विचारलं, "काय गं आत्या?"

"कोणीतरी लिहितंय," ती म्हणाली.

भिंतीपलीकडे नुसता जिना होता. मी त्या दुपारी तिथून जी पळाले, ती कितीतरी दिवस एकटी तिकडे फिरकले नाही.

खरं काय ते कळलं माझी मुलगी पाचवीत असताना. मी आत्याकडे पडद्यांना दुमड घालत बसले होते. मुलगी टेबलाच्या कडेला अभ्यास करत होती. तिने मोठ्याने वाचलं, "सात छेद चार. हा अंशाधिक अपूर्णांक आहे. त्याचं पूर्णांकयुक्त अपूर्णांकात रूपांतर करा."

आत्याच्या हातातली कात्री खाली पडली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, आजी."

आत्या खुर्चीत टेकली. मग मुलीकडे बघतच बोलायला लागली.

शाळेत होती तेव्हा ती साधारण माझ्या मुलीएवढीच होती. बाईंनी फळ्यावर सात छेद चार लिहिलं, शेजारी एक वर्तुळ काढून त्याचे चार भाग केले आणि आत्याच्या हातात खडू दिला. 'यातले सात भाग रंगवून दाखव.' आत्या नुसती उभी राहिली. चारच भाग, त्यातले सात कसे रंगवायचे? तेवढ्यात दारात शिपाई आला. तिला घरी बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, 'जाऊन ये. तू येईपर्यंत पुसत नाही.'

घरी तिची आई वारली होती, बाळंतपणात. बाळ वाचलं. ते बाळ म्हणजे माझे बाबा. आत्याची शाळा तिथेच संपली. बाबांना तिनेच वाढवलं.

"तेव्हापासून ते गणित पाठ सोडत नाही," आत्या म्हणाली. "आईला आठवायला डोळे मिटले की फळाच दिसतो. कुणीतरी लिहीत असतं. मला वाटायचं, घरात होतं त्याहून जास्त कुणीतरी मागून घेतलं. चारातून सात. म्हणून ती गेली."

मुलगी उठली. पडदे बाजूला बांधायचे पाव-पाव मीटरचे पट्टे टेबलावर पडले होते. तिने त्यातले सात घेतले आणि चार पट्टे मीटरच्या पट्टीशेजारी टोकाला टोक जुळवून मांडले.

"आजी, हे चार म्हणजे एक पूर्ण. हे तीन उरले. म्हणून एक पूर्णांक तीन छेद चार."

आत्याने वाकून पाहिलं. "म्हणजे पावणेदोन?"

"हो."

"हे तर मी रोज कापते." ती थांबली. "पण एका मीटरात चारच निघतात. वरचे तीन आले कुठून?"

"दुसऱ्या मीटरातून. एकातूनच घ्या असं कुठं म्हटलंय? बाईंनी दुसरं वर्तुळ काढायला हवं होतं."

"कदाचित काढणार असतील," आत्या हळूच म्हणाली.

मला वाटलं, सुटली बिचारी. पुढच्या आठवड्यात गेले तर ती मशीनसमोर बसून रडत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आवाज थांबला गं," ती म्हणाली. "पण आता आई दिसते. त्या सकाळी माझी वेणी घालत होती. एक झाली आणि तिला कळ आली. म्हणाली, 'दुसरी तुझी तू घाल.' तिचा हात दाराच्या चौकटीवर होता. आत्तासुद्धा तिथे आहे."

तिने दाराकडे बोट केलं. मी तिकडे पाहिलं नाही.

"बाळला बोलाव," ती म्हणाली. बाबा निवृत्त झाले होते, तरी तिच्या लेखी बाळच.

बाबा आले आणि टेबलापाशी बसले. आईबद्दल त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं. आपण आलो म्हणून ती गेली, असं मनात धरून माणूस कसा विचारणार? आत्याने वेणीची गोष्ट सांगितली.

बाबा म्हणाले, "ताई, ती दिसायला कशी होती?"

"कान तुझ्यासारखे. हसली की तोंडावर हात धरायची."

बाबा खाली बघत राहिले. "आणखी सांग."

मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले.

त्यानंतर बाबा दर रविवारी दुपारी जाऊ लागले. आत्या शिवत बसायची आणि सांगायची. आईचा सहवास तिलाही असा किती लाभला होता? सांगण्यासारखं लवकरच संपलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, आणि बाबा प्रथमच ऐकल्यासारखे ऐकायचे.