गोऱ्या काउंटरवरची मामी

दुकानात नऊ वर्षं सगळे माझ्या मामीला 'गोरी मामी' म्हणत होते आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मामी गोरी नाही. सावळी आहे, जन्मापासून सावळी. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर जो पांढरा रंग आहे तो कोडाचा आहे. हे सुरुवातीलाच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बिचाऱ्या साहेबाला माहीत नव्हतं. माहीत होतं. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

आमचं दुकान तीन मजली, नुसतं मेकअपच्या सामानाचं. तळमजल्यावर शिरताच डाव्या हाताला फाउंडेशनचं काउंटर. तिथे डोळ्यांच्या उंचीवर, दिव्यांच्या ओळीखाली, गोऱ्या कातडीच्या नऊ शेड मांडलेल्या. सावळ्या शेड चार, त्याही गुडघ्याच्या उंचीवर. घ्यायच्या तर वाकावं लागतं. ही मांडणी ज्याने केली त्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण तो मला एकदा भेटायला हवा आहे. या काउंटरमागे मामी एकवीस वर्षं उभी आहे. शेजारच्या ब्रश आणि पॅलेटच्या काउंटरवर गेली सहा वर्षं मी. मला इथे चिकटवलं तिनेच आणि कामही तिनेच शिकवलं, तेही टपल्या मारून.

गिऱ्हाईक आलं की आधी हात पुढे करतं, मनगटावर शेड लावून बघायला. मामी तो हात बाजूला सारते. "हाताला जुळवायचं असेल तर हातमोजे घे बाई. तोंड कुठाय तुझं?" मग जबड्याच्या कडेला, गाल संपून मान सुरू होते तिथे, तीन शेडच्या तीन रेघा ओढते आणि दहा मिनिटं नुसतं बसवून ठेवते. गोऱ्या शेडचा खोडसाळपणा असा की बाटलीत एक रंग, लावल्यावर दुसरा आणि हवा लागली की तिसरा. सकाळी गुलाबी वाटलेली बाई दुपारी नारिंगी होते. दहा मिनिटांनी मामी हातात आरसा देऊन गिऱ्हाइकाला दाराबाहेर फुटपाथवर नेते, कारण आतल्या दिव्यांत सगळ्याच बाया अप्सरा दिसतात. "जी रेघ सापडत नाही ती तुझी," हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या दहा मिनिटांत गिऱ्हाईक माझ्या तावडीत. शेळीच्या केसांचा ब्रश पावडरला छान, पण पातळ फाउंडेशन तो नुसतं पिऊन टाकतो. त्याला नायलॉनचा, दाट आणि बोथट ब्रश हवा. ब्रश तळहातावर दाबून फिरवायचा. केस गळले की परत ठेवायचा, मग दांडा कितीही सोनेरी असो. अठरा रंगांची पॅलेट बघून बाया हरखतात आणि वर्षभर त्यातले चारच रंग वापरतात. गोऱ्या पापणीवर राखाडी लावला तर कुणीतरी बुक्की मारल्यासारखं दिसतं, गडद जांभळा लावला तर तापातून उठल्यासारखं. पीचचे दोन आणि मऊ तपकिरी दोन, एवढी छोटी पॅलेट पुरते. हे मी खरं सांगते म्हणून माझी विक्री कमी होते आणि साहेब बोलतो. बोलू दे.

मामीला हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही. पंचविसाव्या वर्षी ती इथे लागली. एकतिसाव्या वर्षी तिच्या डाव्या पापणीवर तांदळाएवढा पांढरा ठिपका आला. मग ओठांच्या कडेला, मग बोटांच्या टोकांना. औषधं झाली, मलमं झाली. माझ्या आजीने, म्हणजे मामीच्या सासूने, तिचा चहाचा कप वेगळा काढला. डॉक्टरांनी दोनदा समोर बसवून सांगितलं की हे कुणाला लागत नाही. तरी कप वेगळा तो वेगळाच. मामा गप्प बसला, आणि ते गप्प बसणं मी त्याला अजून माफ केलेलं नाही. मामीने मग दुकानाच्या खालच्या कप्प्यातल्या दोन बाटल्या घरी आणल्या, एक विटकरी झाकेची, एक मधाच्या रंगाची. पहिलीचे तीन थेंब, दुसरीचा एक. सहा वर्षं रोज सकाळी आरशासमोर बसून ती स्वतःचा रंग बनवायची आणि ठिपक्यांवर लावायची. शेड जुळवायला ती अशी शिकली.

पुढे ठिपके वाढत वाढत एकमेकांना मिळाले. चेहरा, मान आणि मनगटापर्यंतचे हात पांढरे झाले, बाकी अंग होतं तसं राहिलं. झाकणार तरी काय काय? तिने बाटल्या ठेवून दिल्या आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवून घेतले. आणि गंमत बघा. ज्या बायका तिच्याशेजारी बसायला कचरत होत्या त्याच म्हणायला लागल्या, "नशीब काढलंस हो, गोरीपान झालीस!" आजीने तो कप गुपचूप सगळ्यांच्या कपांत नेऊन ठेवला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मी तो कप मुद्दाम फरशीवर आपटून फोडला आणि घरभर बोलणी खाल्ली.

आता साहेब, म्हणजे दुकानाचा मॅनेजर. आठ महिन्यांपूर्वी आला. आम्ही त्याला 'चकचक' म्हणतो, कारण त्याला काचेपासून माणसांपर्यंत सगळं चकचकीत लागतं. आल्या आल्या त्याने फर्मान काढलं की जुनी ओळखपत्रं रद्द. कुणीही कुणाचंही कार्ड दाखवून मागच्या दाराने आत येतं म्हणे. आता नवी कार्डं, नवे फोटो, आणि फोटो चेहऱ्याशी जुळला नाही तर दरवानाने आत सोडायचं नाही. "मग तो मी का असेना!" असं तो मीटिंगमध्ये छाती काढून म्हणाला. जुनी कार्डं गोळा झाली. त्यांत मामीचं एकवीस वर्षांपूर्वीचं कार्ड होतं, आणि त्यावर तिचा पंचविशीतला सावळा, हसरा चेहरा.

दुसऱ्याच दिवशी त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं. मी स्टॉकचा कागद द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले. दुकानाचा स्वतःचा नवा सेट येणार होता. गोरेपणाचं फाउंडेशन, बारा रंगांची पॅलेट आणि पाच ब्रश, सगळं एका गुलाबी डब्यात. साहेबाने जुनं कार्ड टेबलावर ठेवलं.

"ताई, या तुम्हीच? कमाल आहे! हा फोटो आणि आताचा तुमचा चेहरा शेजारी शेजारी लावू. याहून चांगली जाहिरात कुठे मिळणार?"

"साहेब, हे कोड आहे," मामी म्हणाली. तिने बाही कोपरापर्यंत सारली आणि हात त्याच्यासमोर धरला. मनगटापाशी पांढरा रंग संपून सावळा सुरू होत होता, ती वेडीवाकडी कड त्याला नीट दिसली.

त्याने खुर्ची जरा मागे घेतली. "असेल, असेल. पण गिऱ्हाइकाला कुठे कळतंय? बाही खाली असली की झालं."

"मला नाही चालणार."

"विचार करा. मी तळमजल्याची सुपरवायझर करतो तुम्हाला. नाहीतर त्या काउंटरवर एखादी तरुण गोरी मुलगी बघावी लागेल. कोड असलेल्या बाईने तोंडाला हात लावलेला लोकांना आवडेल का, तुम्हीच सांगा."

म्हणजे तेच कोड जाहिरातीला चालत होतं आणि नोकरीला चालत नव्हतं. माझ्या हातातल्या कागदाचा बोळा झाला होता. मामीने बाही खाली घेतली, बटण लावलं आणि "येते" म्हणून बाहेर पडली. मामाचे गुडघे गेल्यापासून तीन वर्षं त्यांचं घर या काउंटरवर चालतं. साहेबाला तेही माहीत होतं.

शनिवारी सकाळी दुकानाच्या दारात पुठ्ठ्याची मामी उभी होती, माणसाहून उंच. डावीकडे कार्डावरचा फोटो, तोही आणखी काळा केलेला. उजवीकडे आत्ताचा, जो साहेबाने आदल्या आठवड्यात 'रेकॉर्डला हवा' म्हणून मोबाइलवर काढला होता. मध्ये गुलाबी डबा आणि खाली अक्षरं, 'आमच्याच काउंटरवरचा चमत्कार!' मामीने तो पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला.

"फाडू?" मी विचारलं.

"गप बस. काउंटर पूस," ती म्हणाली.

अकराच्या सुमारास एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बाविशीची, छान तुकतुकीत सावळी, आणि सोमवारी एका हॉटेलात रिसेप्शनच्या जागेसाठी तिची मुलाखत. आईने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "यांना लावलं तेच द्या. अख्खा सेट द्या."

मामीने मुलीला स्टुलावर बसवलं. जबड्यावर तीन रेघा ओढल्या, एक सेटमधली गोरी आणि दोन खालच्या कप्प्यातल्या. दहा मिनिटांनी तिला बाहेर उन्हात नेलं. गोरी रेघ राख फासल्यासारखी दिसत होती. मधली रेघ मुलीला आरशात सापडेना.

"ती तुझी," मामी म्हणाली. मुलगी आरशात बघून हसली.

आई उसळली. "हा तर आहे तोच रंग! तो विकत कशाला घ्यायचा? स्वतः गोऱ्या होऊन बसलात आणि माझ्या मुलीच्या गळ्यात हे मारता होय?"

चार माणसं थांबली. मामीने आरसा माझ्या हातात दिला. भर उन्हात, त्या पुठ्ठ्याशेजारी उभं राहून तिने दोन्ही बाह्यांची बटणं काढली आणि बाह्या दंडापर्यंत वर सारल्या.

"हे कोड आहे, ताई. हे कुठल्या डब्यातून येत नाही. हा माझा रंग," ती दंडावर बोट ठेवून म्हणाली, मग गालावर ठेवून, "आणि हा यांचा चमत्कार."

त्या बाईने काय करावं? पर्समधून रुमाल काढला आणि जिथे मामीचा हात लागला होता तिथे मुलीचा जबडा खसाखसा पुसला. तिन्ही रेघा गेल्या. "चल," म्हणाली आणि मुलीला ओढत घेऊन गेली. मुलगी वळून वळून बघत होती. मला आजीचा कप आठवला. मी त्या बाईच्या मागे धावणार होते, पण मामीने माझं मनगट धरलं.

"ब्रश दे," ती म्हणाली. "नायलॉनचा, बोथट."

ती काउंटरपाशी गेली, वाकली आणि खालच्या कप्प्यातून नमुन्याच्या दोन बाटल्या काढल्या. विटकरी आणि मधाची. तळहातावर तीन थेंब, मग एक, पुन्हा तीन, पुन्हा एक. नऊ वर्षं झाली होती, पण हात चुकला नाही. कपाळ, नाक, गाल, मान, आणि शेवटी दोन्ही हात बोटांच्या टोकांपर्यंत. मी बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, रागाचंच.

"परत लपवतेस?" मी ओरडले. "त्या बयेला घाबरून?"

"लपवायचं असतं तर बाह्या खाली केल्या असत्या," ती म्हणाली. "जरा कड बघ."

मी मनगटापाशी बघितलं. रंग कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते मला सापडलं नाही.

त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर कार्डांसाठी फोटोवाला बसला होता. मामी तशीच जिना चढून गेली आणि स्टुलावर बसली. "हसा जरा," फोटोवाला म्हणाला. ती हसली नाही. त्याने फोटो काढला, नाव लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

साहेब धावत आला तेव्हा ती काउंटरवर परत उभी होती. "हे काय सोंग? दारात तुमचा फोटो आणि इथे हे? पुसा आधी!"

"पुसते की," मामी म्हणाली. "पण कार्डाचा फोटो आत्ताच निघाला, साहेब. नवं कार्ड आलं की चेहरा जुळला नाही तर दरवान सोडणार नाही ना मला? नियम तुमचाच आहे."

गिऱ्हाइकं पुठ्ठ्यावरच्या डावीकडच्या फोटोकडे बघत होती, मग मामीकडे, आणि दोन्हीकडे तीच सावळी बाई होती. एक म्हातारी हसायलाच लागली. संध्याकाळी तो पुठ्ठा आत नेऊन भिंतीला टेकवून ठेवला.

सुपरवायझरचं नाव परत निघालं नाही. काउंटरवरून हलवायचा धाक साहेब अजून देतो. आणि मामीला रोज सकाळी पुन्हा तीन थेंब आणि एक, पुन्हा तो अर्धा तास आरशासमोर. याचाही मला राग येतो आणि मी तिला तसं सांगितलं. तेव्हा ती घरी चेहरा धूत होती. टॉवेलमधून पांढराशुभ्र चेहरा वर काढून म्हणाली, "हाही माझाच आहे गं. फक्त हा विकायला ठेवलेला नाही."

नवी कार्डं आली त्या सकाळी आम्ही दोघी मागच्या दाराने आत शिरत होतो. दरवान एकवीस वर्षं जुना, मामी लागली त्याच वर्षी लागलेला. सवयीने म्हणाला, "या, गोऱ्या मामी."

मामी थांबली. "कार्ड बघ आधी."

त्याने कार्ड हातात घेतलं. फोटो बघितला, तिचा चेहरा बघितला, वर सारलेल्या बाह्या बघितल्या, आणि परत फोटो बघितला. मग कार्ड तिला परत दिलं.

"जा आत, मामी," तो म्हणाला.